बाटलीच्या तळाचा मध

आमच्या वाईच्या घरी उन्हाळी कामांचा क्रम ठरलेला होता. चैत्रात तिखट आणि हळद, मग कुरडया, चिकवड्या, पोह्याचे पापड. वैशाखात सांडगे आणि आंबोशी. मृग जवळ आला की लोणचं. आंबोशी आणि लोणच्याच्या मधे एक काम असायचं, ते आळीतल्या दुसऱ्या कुठल्या घरात नव्हतं. आमच्याकडे त्या दोन दिवसांत वर्षाचा साबण व्हायचा. घरात त्याला ‘आत्याची वडी’ म्हणत. आल्याची वडी, नारळाची वडी, तशी ही साबणाची वडी. त्या वडीत मध असायचा.

हे लिहायला बसण्याआधी मी भावंडांना फोन केले. आम्ही सख्खी-चुलत मिळून नऊजण, आता पाच गावांत पांगलेले. दादा म्हणाला, साबणात हळदसुद्धा असायची. ताई म्हणाली, हळद कधीच नव्हती, पिवळेपणा मधाचा. नाशिकच्या धाकटीला रंग आठवत नाही, पण न्हाणीघरातल्या दगडी कोनाड्यात वडीखाली नारळाच्या शेंड्या ठेवलेल्या असत, म्हणजे ती भिजून लिबलिबीत होत नसे, हे तिला लख्ख आठवतं. माझ्या लक्षात राहिल्या आहेत त्या बाटल्या. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

मेच्या मध्यावर महाबळेश्वरच्या खोऱ्यातला एक मधपाळ पसरणीचा घाट उतरून बाजाराला यायचा. त्याच्याकडे सातेरीच्या पेट्या होत्या. झाडाच्या ढोलीत राहणारी ही शांत माशी पेटीत नांदते. कड्यांना लटकणारी आग्या माशी पेटीत राहत नाही. आग्याचं पोळं उतरवायचं म्हणजे धूर, दोर आणि जिवावरचा खेळ. मधपाळ दोन प्रकारचा मध आणायचा. एक मधयंत्रातून फिरवून काढलेला, स्वच्छ. जांभळाचा मध असला तर गडद आणि घशाशी किंचित कडवट, हिरड्याचा असला तर आणखी वेगळा. दुसरा आग्याचा, पोळं पिळून काढलेला, त्यात मेणाचे कण आणि पराग तरंगत असायचे. पहिला देवघराजवळच्या फडताळात जायचा. पंचामृताला तोच, सितोपलादि चाटवायला तोच आणि घरात बाळ जन्मलं की सोन्याची अंगठी बुडवून त्याच्या जिभेला लावायला तोच. दुसरा स्वयंपाकघरात. पिळलेल्या मधात पाण्याचा अंश जास्त असतो, त्यामुळे श्रावणापर्यंत एखादी बाटली आंबायची आणि बूच आपोआप वर यायचं. तो मध आजी देवाला चालवून घेत नसे.

नवा मध भरायचा म्हणजे जुन्या बाटल्या रिकाम्या हव्यात. त्या स्क्वॉशच्या बाटल्या होत्या, पाचगणीहून आलेल्या, निमुळत्या गळ्याच्या. आजी त्या वाट्यांमध्ये उपड्या करून ओट्यावर उन्हात ठेवायची. दुपारपर्यंत जेवढा उतरेल तेवढा मध उतरायचा, तरी काचेला चिकटलेला राहायचाच, आणि तळाशी साखरेसारखी कणी बसलेली असायची. मध असा थिजला की लोक भेसळीचा संशय घेतात, पण त्यातलं ग्लुकोज आपल्या स्वभावानंच कणी धरतं. मग आजी पहिल्या बाटलीत कोमट पाणी घालायची, बूच लावून हलवायची, तेच पाणी दुसऱ्या बाटलीत, मग तिसऱ्या. सहा बाटल्या फिरून आलेलं ते तपकिरी पाणी लिंबू पिळून आम्हा मुलांना मिळायचं. आत्या माहेरी परत आल्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्या पाण्याला वाटेकरी आला. आत्याच पुढे बाटल्या विसळू लागली आणि अर्धं पाणी साबणात जाऊ लागलं.

आत्या आमच्या वडिलांची थोरली बहीण. लहान वयात कपाळ मोकळं झालं आणि ती माहेरी आली. १९७२च्या दुष्काळानंतरचा तो काळ. साखर, रॉकेल, गोडेतेल, सगळ्यासाठी रांगा. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं बायका लाटणी हातात घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या आणि ती छायाचित्रं आमच्या माजघरात चार-चारदा वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात येत होती. त्याच सुमारास आत्या ग्रामोद्योगाच्या साबणाच्या वर्गाला जाऊ लागली. वर्गात शिकवलेली गोष्ट ती घरी येऊन सांगायची: खाण्याचं तेल माणसाच्या पोटात जावं, साबणाला निंबोळी, करंज, मोह यांचं तेल घ्यावं. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्या मगनवाडीच्या, कुमारप्पांच्या विचारातली ही शिकवण. आमच्या न्हाणीघरापर्यंत ती आत्याच्या वहीतून पोहोचली होती. कपड्यांचा साबण ती करंजेलाचाच करायची. त्याचा उग्र वास दांडीवरच्या धोतरांना दिवसभर यायचा. अंगाच्या साबणाला मात्र तिनं खोबरेल घेतलं. विहिरीच्या जड पाण्यात दुसऱ्या तेलांचा साबण फुटतो, खोबरेलाचा फेसाळतो, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते बरोबर होतं.

साबणाच्या दिवशी आम्हाला माडीवर पिटाळलं जाई. कॉस्टिक सोडा घरात असणं हीच आजीला धास्ती. ताई तेवढी खाली राहू शकायची, कारण ती तेरा वर्षांची होती आणि सांगितलेलं ऐकायची. आम्ही माडीच्या गजांतून परसात वाकून पाहायचो. आत्या ओचा खोचून, पदर नाकावरून घट्ट बांधून बसलेली. समोर एनॅमलचं मोठं पातेलं. अॅल्युमिनियमचं भांडं घेतलं तर सोडा भांडंच खायला लागतो, त्यातून वायू सुटतो. घरात नव्या आलेल्या काकूंना तिनं पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवलं होतं. दुसरं वाक्य आम्हा सगळ्यांना परवच्यासारखं पाठ होतं: “पाण्यात सोडा घालायचा, सोड्यावर पाणी कधी ओतायचं नाही.” सोडा पडला की गार पाणी बघता बघता इतकं तापायचं की पातेल्याला हात लावता येत नसे. मग ते निवेपर्यंत कुणी त्या बाजूला फिरकायचं नाही.

एका किलो तेलाचा तिचा हिशोब वहीत आहे. खोबरेल ६०० ग्रॅम, शेंगदाण्याचं ३००, एरंडेल १००. सोडा १५५ ग्रॅम, पाणी ३५० मिली. आज मी हे आकडे ताडून पाहिले. किलोभर खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला सुमारे १८३ ग्रॅम सोडा लागतो, शेंगदाणा तेलाला सुमारे १३६, एरंडेलाला १२८. म्हणजे तिच्या मिश्रणाला १६३ लागला असता. ती आठ-नऊ ग्रॅम कमी घ्यायची, थोडं तेल मुद्दाम सुटं ठेवायची, म्हणून तो साबण अंग ओढत नसे. आणि बाटल्या विसळायचं पाणी ती त्या मोजलेल्या ३५० मधूनच बाजूला काढायची. तागडीवर शंभर, पन्नास आणि पाचाचं वजन ठेवून इतका नेमका सोडा मोजणारी ती बाई सातवीपर्यंत शिकलेली होती.

तेल कोमट करताना त्यात सुपारीएवढं मेण पडायचं. ते मेणही मधाबरोबर आलेलं असायचं. पिळलेल्या पोळ्याचा चोथा पाण्यात उकळून, फडक्यातून गाळून, निवल्यावर वर धरलेली पिवळी चकती. आळीतल्या बायका कुंकवाखाली लावायला हेच मेण आत्याकडून न्यायच्या. ती ते खोबरेलात पातळ करून, छोट्या डब्यांत ओतून, सारखं करून द्यायची. स्वतः ती कुंकू लावत नव्हती. तिचा करंडा आजीच्या पेटीत होता. मेणाची एक जुनी डबीही त्यात होती आणि एका वर्षी ताईनं तिला त्या डबीतलं मेण खरवडून तेलात टाकताना पाहिलं. ताईनं हे आम्हाला आत्ता, या महिन्यात सांगितलं. इतकी वर्षं का नाही बोललीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, “तेव्हा कळलं नाही, आणि कळलं तेव्हा आत्या नव्हती.”

मग ढवळणं. लाकडी दांड्यानं, एकाच दिशेनं, कधी तासभर, कधी त्याहून जास्त. आई, काकू, आत्या पाळीपाळीनं बसायच्या आणि त्या तासात घरातलं जे काही बोलायचं राहिलेलं असे ते बोलून होई. माडीवरून आम्हाला शब्द ऐकू येत नसत, हसणं ऐकू यायचं. मिश्रण पातळ पिठल्यासारखं झालं की आत्या दांडा उचलून धार सोडायची. धारेची रेघ वर क्षणभर उमटून राहिली की ती म्हणायची, “धरली रेघ.” आणि तेव्हा मधाचं पाणी.

त्या पाण्यानं काय व्हायचं ते आम्ही गजांतून पाहिलेलं आहे. दुधाळ पांढरा लगदा दोन-चार फेऱ्यांत पिवळा, मग खारकेच्या रंगाकडे झुकलेला. वाफेला कच्च्या गुळासारखा वास. सोड्याला मधातली ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ही साखर भेटली की ती मोडते, रंग धरते आणि ऊब सोडते. पाकात साखर करपवण्याचंच हे एक दुसरं रूप. आजीचा इथेच आक्षेप होता. मध तापवू नये हे आयुर्वेदाचं सांगणं आणि आजीच्या दृष्टीनं ते खाण्यापुरतं नव्हतं, मधाचा मान राखण्याचं होतं. ऊन पाण्यातसुद्धा मध घालायला ती द्यायची नाही, कोमटच हवं. “माशीनं फुलाफुलावर फिरून आणलेलं, आणि तुम्ही ते सोड्यात जाळता,” असं ती दर वर्षी म्हणायची. आत्या उलट बोलत नसे. ती बाटली उलटी करून दाखवायची आणि म्हणायची, “आई, यातलं काही टाकलेलं नाही, बघ.” टाकलेलं नाही, या शब्दांपुढे आजी गप्प व्हायची. त्या घरात त्याहून मोठा युक्तिवाद नव्हता.

मध साबणात गेल्यावर मध उरतो का, याचं मला पुढे कित्येक वर्षं कुतूहल होतं. त्याचा बराचसा भाग उरत नाही. औषधी म्हणून आपण मधाचं जे कौतुक करतो, ते इतक्या तीव्र क्षारातून सुखरूप पार पडेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. उरतो तो साखरेचा परिणाम. साखर असली की साबण पाण्यात लवकर विरघळतो आणि फेस भरभरून येतो. नुसत्या फेसासाठी साधी साखरही चालते, फक्त ती मधाइतकी तपकिरी होत नाही. मऊपणाचं श्रेय बरंचसं ग्लिसरीनचं. तेलाचा साबण होताना ते तयार होतं. कारखान्यात बहुधा ते वेगळं काढून घेतात. घरच्या वडीत ते सगळं तसंच राहतं. हल्ली प्रदर्शनांत तयार बेस वितळवून, त्यात मध ओतून केलेले पारदर्शक, सुंदर साबण मिळतात आणि वेष्टनावर त्वचेच्या साऱ्या तक्रारींचा उल्लेख असतो. मला ते दावे पटत नाहीत. आत्यानं कधी कुठला दावा केला नाही. ती म्हणायची, “फेस चांगला येतो.” तेवढं खरं होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

एका वर्षी मध जास्त होता. एक आख्खी बाटली आंबलेली. आजीनं ती बाजूला काढली आणि आत्यानं ती साबणाला घेतली. विसळलेल्या पाण्याऐवजी त्या दिवशी किलोभर तेलाला वाटीभर मध पडला. साबण ओतायची लाकडी पेटी होती, आत मेणकागद लावलेला. ओतून झाल्यावर ती नेहमी पेटीला रात्रभर गोधडीत गुंडाळायची, म्हणजे ऊब टिकून साबण नीट जमतो. त्या रात्री दोन वाजता काकू पाणी प्यायला उठल्या आणि त्यांना स्वयंपाकघरात करपलेल्या गुळाचा वास आला. गोधडी उचलली तर साबण मधोमध फुगून फाटलेला, भेगेतून काळपट रस वर येऊन पेटीबाहेर ओघळलेला, गोधडी भिजलेली. सारं घर उठलं. वडील कंदील धरून उभे, आत्या हातात फडकं घेऊन पेटीशी बसलेली. तिला कुणी एक शब्द बोललं नाही. आजीच आतून आली आणि तिनं गोधडी परसात नेऊन भिजत घातली. आजी, जी दर वर्षी मध जाळण्यावरून बोलायची, ती त्या रात्री काही बोलली नाही, हे दादाला आणि मला दोघांनाही सारखंच आठवतं. बाकी बाबतीत आमच्या आठवणी जुळत नाहीत, या एका बाबतीत जुळतात.

त्यातला सोडा अंगाला लागू नये म्हणून तो साबण फरशी घासायला गेला. पावसाळ्यात त्याला चिकट थेंब सुटत, ते न जिरलेल्या मधाचे असावेत. पुढच्या वर्षीपासून मधाच्या साबणाला गोधडी बंद झाली. पेटी सरळ शहाबादी फरशीवर, रात्रीच्या गारव्यात. आणि वहीत जिथे ‘मधाचं पाणी, असेल तेवढं’ असं लिहिलेलं होतं तिथे ते खोडून ‘मध दोन चमचे, कोमट पाण्यात. जास्त नाही’ असं आलं. ‘जास्त नाही’ खाली दोन रेघा.

साबण ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वड्या पडायच्या. सुरीनं, अळूवडीचा उंडा कापावा तशा हलक्या हातानं. एखादी उचलून आत्या जिभेच्या टोकाला निमिषभर लावून पाहायची. टोचली नाही की काम जमलं. मग माळ्यावर, सावलीत, एकमेकींना न टेकवता वड्या दीड महिना मुरायला ठेवायच्या. म्हणजे आषाढात पहिली वडी न्हाणीघरात यायची. आणि आषाढातली हवा लागली की तिच्यावर दवासारखे थेंब उमटायचे. आम्हाला वाटायचं आतला मध बाहेर येतोय. धाकटीनं आणि मी एकेक थेंब चाटून पाहिलेला आहे. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं, एवढंच त्यात होतं, पण दर पावसाळ्यात आम्ही पुन्हा चाटून पाहायचो.

श्रावणात माहेरवाशिणी यायच्या. जाताना प्रत्येकीच्या पिशवीत चार वड्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, लोणच्याच्या बरणीशेजारी.

दिवाळीत मोती साबण यायचा. पहाटे उटणं, मग तो गोल, जाडजूड, चंदनाच्या वासाचा साबण, सगळ्या घरासाठी एकच. नरकचतुर्दशीच्या दिवसाची आम्ही वाट पाहायचो, त्यात त्या वासाचा मोठा वाटा होता. पाडव्यापर्यंत तो पातळ होऊन जायचा आणि कोनाड्यात पुन्हा तपकिरी वडी. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की मला त्या वडीची लाज वाटायची. हे मी आत्याला कधी बोलले नाही, पण पाहुणे यायचे असले की मी ती वडी कोनाड्यात मागे सरकवायची, आणि थोड्या वेळानं पाहावं तर ती परत पुढे आलेली असायची.

आत्याचा शेवटचा साबण १९८८ सालचा. त्यानंतर तिच्या मनगटांनी ढवळणं सोडून दिलं. आम्हीही तोवर नोकऱ्यांना, सासरी. दुकानात हवा तो साबण मिळत होता. तागडी चुलतभावाकडे गेली, एनॅमलचं पातेलं टवके उडून कुठे गेलं कुणालाच माहीत नाही. वही ताईकडे. मधपाळाचं येणंही थांबलं. महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला २०२२ साली मधाचं गाव म्हणून घोषित केलं, ती बातमी दादानं आमच्या भावंडांच्या गटावर टाकली आणि खाली लिहिलं, आपला मधपाळ इकडचाच असेल का. कुणालाच त्याचं गाव ठाऊक नव्हतं. दहा-बारा वर्षं तो आमच्या ओट्यावर बसून चहा प्यायला, आणि आम्ही त्याला गाव विचारलं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात ताईनं वहीच्या त्या पानाचा फोटो सगळ्यांना पाठवला. नाशिकच्या धाकटीनं मनावर घेतलं. डिजिटल काटा आणला, चष्मा, हातमोजे. मधाची बाटली उपडी करून, कोमट पाण्यानं विसळून घेतली, तसं फोनवर दोनदा सांगितलं. दोन दिवस गट शांत होता. तिसऱ्या दिवशी तिचा फोटो आला: पेटीभर साबण, रंग अगदी तोच, खारकेचा, आणि मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक भेग.

जन्मात कधी साबणाच्या पातेल्याजवळ न गेलेल्या दादाचा निरोप सगळ्यांत आधी आला.

“गोधडी घातली होतीस का?”